कोबीतली परी आणि कारकुनीची अट

चित्रपटाचा इतिहास शिकवताना आम्ही ल्युमिए बंधूंवरून थेट मेलिएसकडे जातो. त्यांच्या मध्ये एक स्त्री उभी आहे, हे सहसा सांगायचे राहून जाते.

२२ मार्च १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार पडद्यावर दाखवले. प्रेक्षकांत लेआँ गोमाँ यांची एकवीस वर्षांची सचिव अलिस गी होती. हलत्या चित्रांतून गोष्ट सांगता येईल, असे तिला वाटले. गोमाँ यांनी परवानगी दिली, पण कचेरीतील पत्रव्यवहार अडता कामा नये या अटीवर.

मग ब्युत-शोमाँ उद्यानाजवळच्या बेलव्हिल भागात, रंगवलेल्या पडद्यापुढे 'कोबीतली परी' साकारली. मुलगे कोबीत सापडतात, ही फ्रेंच घरांतली बाळबोध थाप. तीच तिची कथावस्तू झाली. या चित्रपटाचे वर्ष अलिसने १८९६ सांगितले. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. १९०५ मध्ये गोमाँ यांचे मोठे चित्रीकरणगृह याच परिसरात उभे राहिले, तेव्हा तेथील निर्मितीची सूत्रे तिच्याच हाती होती.

आम्हांस खटकते ते असे : काम क्षुल्लक मानले गेले म्हणून ते तिला मिळाले, आणि त्याच क्षुल्लकतेपायी पुढे तिचे नाव गळाले. १९६८ मध्ये ती वारली. आत्मकथन प्रसिद्ध झाले १९७६ मध्ये. पहिले कोण, हा वाद चालू राहो. परंतु कथा सांगण्याची उमेद प्रथम कोणाच्या घरगुती बोलीतून आली, एवढे तरी वर्गात सांगायला हवे.