शालेय खेळाडूंची क्रीडापूर्व वैद्यकीय तपासणी

शालेय खेळाडूला संघाच्या सरावात किंवा स्पर्धेत उतरण्याची परवानगी देण्यापूर्वी केल्या जाणाऱ्या आरोग्यतपासणीस क्रीडापूर्व वैद्यकीय तपासणी म्हणतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत माध्यमिक शाळेच्या संघातून खेळण्यासाठी ती आवश्यक असते. तिचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. अमेरिकन बालरोग अकादमीसह अनेक वैद्यकीय संघटनांनी तिच्यासाठी १९९२ मध्ये संयुक्त मार्गदर्शिका काढली. या मार्गदर्शिकेची पाचवी आवृत्ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

स्वरूप

आरोग्याचा पूर्वेतिहास हा तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. व्यायाम करताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, डोक्याला मार लागणे, दमा, तसेच जवळच्या नातेवाइकाचा पन्नाशीपूर्वी हृदयविकाराने झालेला मृत्यू यांची चौकशी केली जाते. मुलींमध्ये अनियमित मासिक पाळी हे अपुऱ्या आहाराचे लक्षण असू शकते. कौटुंबिक माहिती मुलांना ठाऊक नसल्यामुळे प्रश्नावली पालकांसह भरणे योग्य मानले जाते. त्यानंतर उंची, वजन, रक्तदाब, दृष्टी, हृदयाचे ध्वनी, सांधे व स्नायू तपासले जातात. २०१९ च्या आवृत्तीत मानसिक आरोग्यावर अधिक भर देण्यात आला.

हृदयतपासणीविषयीचा वाद

हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार हे तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. अनेकदा त्याची लक्षणे दिसत नाहीत आणि स्टेथोस्कोपनेही तो कळत नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंसाठी हृदयालेख (ईसीजी) सक्तीचा आहे. तेथील व्हेनेतो प्रांतात खेळाडूंच्या अशा मृत्यूंचे वार्षिक प्रमाण १९७९-८० मधील लाखामागे ३.६ वरून २००३-०४ मध्ये ०.४ वर आल्याचे २००६ मधील अभ्यासात आढळले. इस्रायलमध्ये १९९७ मध्ये सक्ती झाल्यानंतर मात्र असा फरक आढळला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन चौदा मुद्द्यांची चौकशी व शारीरिक तपासणी सुचवते. सरसकट हृदयालेखाची शिफारस करीत नाही. सरावामुळे हृदयात होणारे स्वाभाविक बदल हृदयालेखात विकारासारखे दिसू शकतात आणि निरोगी मुलांनाही पुढील चाचण्या होईपर्यंत खेळापासून दूर राहावे लागते.

मर्यादा

तपासणीत उत्तीर्ण होणे म्हणजे धोका नसणे नव्हे. त्यामुळे मैदानावर स्वयंचलित डिफिब्रिलेटर आणि हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे (सीपीआर) प्रशिक्षण घेतलेले प्रशिक्षक असणेही तितकेच आवश्यक मानले जाते.