विंचू उतरविणारे शास्त्र : डॉ. हिंमतराव बावस्कर



एव्हरशाईन सिटीच्या बहुमजली इमारतींत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी विंचू बहुधा पुस्तकातील चित्रातच पाहिला असेल. परंतु ज्या कुटुंबांचे मूळ गाव कोकणात आहे, त्यांच्या घरांतील वडीलधाऱ्यांस भाताच्या पेंढ्यात वा सरपणात हात घालतानाची धास्ती अद्याप स्मरत असेल. दंश झाला की विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकाकडे धाव घ्यावयाची आणि लेकरू सकाळपर्यंत वाचले तर देवाची कृपा मानावयाची, असा तो काळ होता. तो पालटविण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, त्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कार्याचा हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म 1951 साली जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षण केले, नागपूर येथे वैद्यकाची पदवी संपादन केली आणि 1976 मध्ये ते महाडनजीक बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व कोवळी मुले डोळ्यांदेखत दगावत. प्रथम उलट्या व दरदरून घाम, मग हातपाय बर्फासारखे गार, पुढे धाप आणि अखेर तोंडावाटे गुलाबी फेस, असा त्या दुखण्याचा क्रम असे. प्रचलित औषधांचा उपयोग होत नसे. तरुण डॉक्टरांनी रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांची टिपणे ठेविली. हाती असलेली साधने थोडी. पण निरीक्षणात खंड नव्हता. त्यांची ही निरीक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’ या विख्यात ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केली.

या विषाची करणी विलक्षण आहे. ते मज्जातंतूंस अनावर चेतविते. त्यामुळे शरीरातीलच उत्तेजक द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. तेव्हा आवळलेल्या वाहिन्या सैल करणे, हाच उपाय ठरला. पुण्यास एम. डी. होऊन महाडला परतलेल्या डॉक्टरांनी त्यासाठी प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध योजिले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला त्याविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये 1986 साली आला. गंभीर दंशाच्या रुग्णांत पूर्वी शंभरात तिसाच्या आसपास असलेले मृत्यू पुढे एकाहून खाली आले. विंचूदंशावरील प्रतिविष प्राझोसिनच्या जोडीने दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हेही त्यांनी 70 रुग्णांच्या अभ्यासाने 2011 मध्ये दाखवून दिले. 2022 साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले.

मोठी प्रयोगशाळा लाभली नाही म्हणून संशोधन अडत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून अवश्य शिकावे. पालकांसही एक विनंती आहे. उन्हाळ्यात व पावसाळा सरल्यावर विंचूदंश अधिक होतात आणि नेमक्या त्याच सुट्यांत आपण गावी जातो. असा प्रसंग ओढवल्यास मंत्र-अंगाऱ्यात एक क्षणही न दवडता रुग्णास तडक रुग्णालयात न्यावे. एका वैद्याने जागून काढलेल्या रात्रींचे फळ आज तेथे आपल्यासाठी तयार आहे.