स्वेन काउंटी : ठळक स्थळे आणि नाहीशा झालेल्या वस्त्या

स्वेन काउंटी : अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम टोकाची डोंगराळ, ग्रामीण काउंटी. क्षेत्रफळ सु. १,४०० चौ. किमी.; लोकसंख्या १४,११७ (२०२०); मुख्य ठाणे ब्रायसन सिटी. जॅक्सन आणि मेकन या शेजारच्या काउंट्यांचा काही भाग तोडून ती १८७१ मध्ये निर्माण करण्यात आली. राज्याचे एके काळचे गव्हर्नर (१८३२–३५) डेव्हिड लाउरी स्वेन यांचे नाव तिला मिळाले. ठाण्याचे गाव आधी चार्ल्सटन होते. दक्षिणेकडच्या राज्यातल्या मोठ्या चार्ल्सटनशी घोटाळा होऊ लागल्याने १८८९ मध्ये त्याचे ब्रायसन सिटी झाले. उत्तरेला ग्रेट स्मोकी पर्वताची धार ही टेनेसी राज्याची हद्द. टकसीजी, ओकोनालुफ्टी, नँटाहेला आणि लिटल टेनेसी या मुख्य नद्या.

काउंटीची चार-पंचमांशाहून अधिक जमीन ग्रेट स्मोकी पर्वतावरील राष्ट्रीय उद्यान, राष्ट्रीय वन, धरणाचा तलाव आणि चेरोकी या मूळ रहिवाशांची विश्वस्त भूमी यांच्याकडे आहे. तिच्यावर काउंटीला घरपट्टी-जमीनपट्टी लावता येत नाही. नकाशावरचा हा हिरवा रंग पाहून इथे पूर्वापार निबिड अरण्यच असावे असे वाटते. प्रत्यक्षात या हिरव्या भागातल्या बहुतेक ओढ्याकाठी माणसे राहत होती, आणि आज ती तिथे नाहीत याला प्रत्येक ठिकाणी निराळे कारण आहे. काही वस्त्या सैन्याने उठवल्या, काही लाकूड संपल्यावर ओसरल्या, काही उद्यानासाठी विकत घेतल्या गेल्या, काही बुडाल्या. आणि काही तर कोरड्या राहूनही गेल्या. स्वेनच्या इतिहासातली सगळ्यांत लांबलेली तक्रार या शेवटच्या वस्त्यांची आहे.

किटूवा : ब्रायसन सिटी आणि चेरोकी या गावांच्या मध्ये, टकसीजीच्या काठच्या सपाट मळ्यात एक बुटके, पसरट टेकाड आहे. माहीत नसलेल्या प्रवाशाच्या ते नजरेतही भरत नाही. चेरोकी परंपरेत हे त्यांचे मूळ गाव, सर्व गावांची आई; स्वतःला ते किटूवाचे लोक म्हणवतात. टेकाडावर सभागृह होते आणि त्यात अखंड अग्नी तेवत असे, अशी परंपरा आहे. १९९० च्या दशकात जमीन न खणता केलेल्या चुंबकीय पाहणीत टेकाडाच्या मध्यभागी चुलवणाच्या खुणा मिळाल्याने या परंपरेला दुजोरा मिळाला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती गेल्यावर या मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांगर फिरला, टेकाड झिजले. विसाव्या शतकात शेजारी छोट्या विमानांची धावपट्टीही झाली. १९९६ मध्ये ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी इंडियन्स या जमातीने येथील ३०९ एकर जमीन रोख पैसे मोजून विकत घेतली. २००९–१० मध्ये टेकाडासमोरच्या उतारावर वीज उपकेंद्र उभारण्याचे काम सुरू झाले, तेव्हा जमातीने आणि स्थानिक रहिवाशांनी हरकत घेतली आणि वीज कंपनीला जागा बदलावी लागली.

१८३८ मध्ये अमेरिकी सैन्याने चेरोकींना मिसिसिपीच्या पलीकडे हाकलले. या भागातले काहीजण डोंगरात लपले, तर ओकोनालुफ्टीच्या काठचे काहीजण आधीच चेरोकी राष्ट्राच्या हद्दीबाहेरच्या जमिनीवर राहत असल्याने हकालपट्टीतून वाचले. आजचा ईस्टर्न बँड त्यांच्या वंशजांचा. क्वाला बाउंड्री ही त्यांची भूमी मुख्यतः स्वेन आणि जॅक्सन काउंट्यांत येते. तिला सर्रास ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात, पण ती सरकारने राखून दिलेली नव्हे. एकोणिसाव्या शतकात विल्यम हॉलंड टॉमस या गोऱ्या व्यापाऱ्याने चेरोकींच्या वतीने टप्प्याटप्प्याने खरेदी केलेली ही जमीन पुढे केंद्र सरकारच्या विश्वस्तपणाखाली आली. त्साली या चेरोकी शेतकऱ्याने बाकीच्यांना राहू द्यावे म्हणून स्वतःला सैन्याच्या स्वाधीन केले आणि त्याला गोळ्या घातल्या, ही कथा इथे घरोघर माहीत आहे. स्वाधीन होण्याचा भाग इतिहासकार मान्य करत नाहीत. त्याला मृत्युदंड झाला एवढे मात्र नक्की. ती जागा आता फाँटाना तलावाखाली असल्याचे मानतात.

कुवोही : २,०२५ मी. उंचीचे, स्मोकी पर्वतातले सर्वोच्च शिखर. टॉमस क्लिंगमन या सिनेटरच्या नावाने ते दीडशेहून अधिक वर्षे ‘क्लिंगमन्स डोम’ म्हणून ओळखले गेले. जमातीच्या मागणीवरून सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला मूळ चेरोकी नाव परत मिळाले. अर्थ ‘तुतीची जागा’. चेरोकी कथांत इथे अस्वलांची सभागृहे आहेत आणि हिवाळ्यात गुहेत शिरण्यापूर्वी अस्वले इथे नाचतात. शिखरावर १९५९ चा काँक्रीटचा मनोरा असून त्यावर वळसेदार उतारमार्गाने चढता येते.

लाकडाची गावे : १८८० च्या दशकात आगगाडी आली आणि ओढ्याकाठच्या विखुरलेल्या शेतवस्त्यांच्या जोडीला कंपन्यांची गावे उभी राहिली. ओकोनालुफ्टीच्या खोऱ्यातील स्मोकमाँट हे चँपियन फायबर कंपनीचे; आज तिथे उद्यानाचा तंबूतळ आहे आणि टेकडीवर पांढरे बॅप्टिस्ट चर्च तेवढे उभे आहे. त्याच खोऱ्यात खालच्या अंगाला रेव्हन्सफोर्ड हे दुसरे गिरणी-गाव. तेही मोडले आणि जागा उद्यानात गेली. मात्र पुढे उद्यान आणि जमात यांच्यात जमिनीची अदलाबदल होऊन चेरोकी मुलांची शाळा तिथे २००९ मध्ये उघडली. नाहीशा झालेल्या वस्तीच्या जागी पुन्हा माणसांची वर्दळ सुरू झाल्याचे असे उदाहरण या काउंटीत विरळाच.

याच खोऱ्यातील मिंगस मिल (१८८६) ही पिठाची पाणगिरणी अजून चालते. मोठे लाकडी पाणचक्र शोधणाऱ्या पर्यटकांची इथे निराशा होते, कारण जाती फिरवते ते लोखंडी टर्बाइन. जवळच उद्यानाचे शेतघर-संग्रहालय आहे. त्यातील घर, कोठारे, लोहारशाळा निरनिराळ्या ठिकाणांहून उचलून एकत्र मांडलेली आहेत. म्हणजे हे टुमदार शेत अशा रूपात कधीच कोणाचे नव्हते. तरी त्यातील डेव्हिस घर पाहण्यासारखे आहे. ते अमेरिकन चेस्टनटच्या ओंडक्यांचे आहे, आणि हे झाड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुरशीच्या रोगाने या डोंगरांतून जवळजवळ संपले.

हेझल क्रीक आणि प्रॉक्टर : काउंटीच्या पश्चिम भागातील हेझल क्रीकच्या काठी १८३० च्या सुमारास मोझेस प्रॉक्टर याने पहिले घर बांधले. पुढे वरच्या अंगाला तांबे सापडले, पण मालकीचा खटला इतका रेंगाळला की खाणीपेक्षा वकिलांनीच अधिक कमावले असावे. १९०७ मध्ये डब्ल्यू. एम. रिटर लंबर कंपनी आली आणि प्रॉक्टरचे गाव झाले : हजारावर माणसे, शाळा, दुकाने, सिनेमाघर, दवाखाना, आगगाडी. १९२८ पर्यंत कंपनीने खोऱ्यातून सु. २० कोटी बोर्ड-फूट लाकूड काढले आणि मग रूळ उखडून ती निघून गेली. गाव आटले. मागे राहिलेली कुटुंबे पुन्हा मका, गुरे आणि शिकारीवर आली. आज तिथे १९२८ च्या सुमारास बांधलेले कॅलहून घर उभे आहे. लाकूड वाळवण्याच्या भट्टीच्या भिंतींतून झाडे वाढली आहेत.

या खोऱ्याचे वर्णन जगापुढे नेले ते होरेस केफार्ट यांनी. सेंट लुइसच्या एका नामांकित ग्रंथालयाचे हे प्रमुख दारू आणि खचलेले मन यांतून बाहेर पडण्यासाठी १९०४ मध्ये इकडे आले आणि तीन वर्षे हेझल क्रीकच्या एका फाट्यावरील खोपटात राहिले. त्यांचे ‘अवर सदर्न हायलँडर्स’ हे पुस्तक १९१३ चे. त्यात निरीक्षण बारीक आहे. मात्र चोरटी दारू आणि बंदुका यांना दिलेली जागा पाहता शाळा, चर्च आणि मक्याच्या कोठारांवर अन्याय झाला आहे, आणि डोंगरी माणसाची जी ठोकळेबाज प्रतिमा पुढे रूढ झाली तिला या पुस्तकाने हातभार लावला. पुढे त्यांनी ॲशव्हिल येथील जपानी छायाचित्रकार जॉर्ज मासा यांच्यासह राष्ट्रीय उद्यानासाठी जोरदार प्रचार केला. लाकूड कंपन्यांनी डोंगर बोडके केलेले पाहिल्याने त्यांना ते निकडीचे वाटत होते. १९३१ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला; ब्रायसन सिटीच्या टेकडीवर त्यांच्या कबरीवर मोठी शिळा ठेवलेली आहे. उद्यान १९३४ मध्ये स्थापन झाले आणि ज्यांच्यावर त्यांनी लिहिले तशाच कितीतरी कुटुंबांना त्यासाठी घरे सोडावी लागली.

फाँटाना धरण : टेनेसी व्हॅली अथॉरिटी (टीव्हीए) ही केंद्र सरकारची १९३३ ची संस्था. आपल्याकडचे दामोदर खोरे महामंडळ (१९४८) तिच्याच नमुन्यावर उभारले गेले आणि त्याचा प्राथमिक आराखडाही टीव्हीएतून आलेल्या वुरडुइन या अभियंत्याने केला. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियम हवे होते आणि त्यासाठी वीज. म्हणून लिटल टेनेसी नदीवर, स्वेन आणि ग्रॅहम काउंट्यांच्या सीमेवर, १४६ मी. उंचीचे धरण १९४२ च्या आरंभी हाती घेतले आणि रात्रंदिवस काम करून नोव्हेंबर १९४४ मध्ये पाणी अडवले. अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील हे सर्वांत उंच धरण. सु. १,३०० कुटुंबे उठली आणि हजारावर थडगी हलवली गेली.

लिटल टेनेसीच्या काठचे जडसन, टकसीजीच्या संगमावरचे बुशनेल, खाणीचे जुने फाँटाना ही गावे बुडीत क्षेत्रात गेली. बुडालेले आमंड मात्र वरच्या अंगाला नव्याने वसले. बाकीच्यांची नावे रस्ते आणि खाड्यांना चिकटून राहिली. हिवाळ्यात तलावाची पातळी बरीच खाली आणतात, तेव्हा चिखलात जुने रस्ते आणि घरांचे पाये उघडे पडतात.

उत्तर किनारा : पाणी चढले तेव्हा उत्तर काठाने जाणारा २८८ क्रमांकाचा राज्यरस्ताही बुडाला. या रस्त्यासाठी काउंटीने रोखे काढून कर्ज केले होते आणि रस्ता पाण्याखाली गेल्यावरही अनेक वर्षे ती ते फेडत राहिली. रस्त्याच्या वरच्या अंगाला असलेली प्रॉक्टर, फॉर्नी क्रीक, नोलंड क्रीक येथील घरे मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा उंच होती. युद्धकाळात सिमेंट, पोलाद आणि मजूर यांची टंचाई. डोंगरउतारावर नवा रस्ता काढण्याचा खर्च तिथल्या जमिनीच्या किमतीहून जास्त होईल असा हिशेब झाला. म्हणून रस्ता देण्याऐवजी जमीनच संपादन करून सु. ४४,००० एकर राष्ट्रीय उद्यानाला जोडण्यात आली. दोनशेहून अधिक कुटुंबे कोरड्या जमिनीवरून उठली. स्थानिक वृत्तांतांत या लोकांना सरसकट धरणग्रस्त म्हटले जाते. त्यांची घरे पाण्याने घेतली नाहीत, हिशेबाने घेतली.

३० जुलै १९४३ रोजी केंद्र सरकारचे अंतर्गत खाते, टीव्हीए, राज्य आणि काउंटी यांच्यात करार झाला : युद्ध संपल्यावर, काँग्रेसने पैसे मंजूर केल्यास, उद्यानातून नवा रस्ता बांधून द्यायचा. मधली अट कळीची ठरली. ब्रायसन सिटीकडून १९६० च्या दशकात काम सुरू झाले, सहा-सात मैल रस्ता आणि सु. ३६५ मी. लांबीचा बोगदा झाला. पुढे कापलेल्या खडकातून आम्लधर्मी पाणी ओढ्यांत झिरपू लागले, खर्च वाढला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी काम थांबले. बोगद्यापलीकडे गाडीरस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. सरकारी नाव लेकव्ह्यू ड्राइव्ह. लोकांचे नाव ‘रोड टू नोव्हेअर’. उद्यानाच्या हद्दीअलीकडे खाजगी जागेत मोडलेल्या वचनाची आठवण देणारी पाटी लागली. बोगदा आज पर्यटकांचे लाडके स्थळ आहे. त्यात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो कोणासाठी खणला होता याची कल्पना नसते.

रस्ता न झाल्याने अडचण झाली ती पूर्वजांच्या थडग्यांची. उत्तर काठावर पंचवीसहून अधिक दफनभूमी मागे राहिल्या. या डोंगरांत ‘डेकोरेशन’चा रिवाज जुना आहे : ठरल्या दिवशी कुळातली माणसे जमतात, गवत खरवडून थडग्यांवर मातीचा उंचवटा करतात, फुले वाहतात, भजने म्हणतात आणि तिथेच जेवतात. १९७८ पासून विस्थापितांच्या संघटनेने हा रिवाज पुन्हा नेमाने सुरू केला. उद्यान प्रशासन त्यांना होडीने तलावापार नेते आणि पुढे गाडीने वर पोचवते. ॲलन आणि कॅरन जबूर यांनी या प्रथेवर ‘डेकोरेशन डे इन द माउंटन्स’ (२०१०) हा ग्रंथ लिहिला आहे.

रस्त्याच्या प्रश्नावर काउंटी दुभंगली. वंशजांपैकी अनेकांना रस्ताच हवा होता. दुसरा गट म्हणे, रस्ता होणार नाही, निदान पैसे तरी घ्या. पर्यावरणवादी त्यांच्या बाजूला होते. अखेर २०१० मध्ये केंद्र सरकारने काउंटीला रस्त्याऐवजी ५.२ कोटी डॉलर देण्याचा समझोता झाला. पहिला हप्ता आला, बाकीचे अडकले. काउंटीने सरकारवर दावा लावला आणि शेवटचा हप्ता २०१८ मध्ये मिळाला. रक्कम राज्याच्या कोषागाराकडे विश्वस्त निधी म्हणून आहे. काउंटी व्याज खर्च करू शकते. मुद्दलाला हात लावायचा तर दोन-तृतीयांश मतदारांची संमती लागते.