एकोणसाठ की पन्नास नऊ?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विनोद झाले, मराठीची हत्या झाल्याचे गळे काढले गेले, विषय विधानसभेतही निघाला. पुस्तक करणाऱ्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, नवे जोडीला दिले आहेत. मुलं नेमकी अडतात कुठे, हे मात्र फार कमी जणांनी विचारलं.

एकटा सहाच घ्या. सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. प्रत्येक ठिकाणी त्याचा वेष वेगळा. त्यातून ‘त्र्याण्णव’ म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना नऊ. एकोणसाठमध्ये तर ‘साठ’ ऐकू येतं आणि लिहायचा असतो पाच. सीमेपलीकडचं कानडी मूल ६३ला ‘अरवत्तमूरु’ म्हणतं, म्हणजे सरळ साठ-तीन. मराठी मुलाला शंभरपर्यंतची जवळजवळ सगळी नावं सुटी पाठ करावी लागतात.

यावर पंतोजींच्या शाळेतला उपाय एकच होता: ठेका. धुळपाटीवर बोट फिरवायचं आणि सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायचं. नुसते पाढेच नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीसुद्धा. (औट म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचं राज्य’ म्हणजे २४ मिनिटांच्या घटकेनं जेमतेम ८४ मिनिटांचं!) हा छळ निरर्थक नव्हता. रुपयाचे आणे १६, शेराचे छटाक १६, मणाचे शेर ४०. सव्वा रुपया शेरानं सात शेर गूळ घेतला, तर सवायकी येणारा ‘पावणेनऊ’ म्हणून मोकळा. आठ रुपये बारा आणे. कागद लागत नसे.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले. अपूर्णांकांच्या पाढ्यांचं रोजचं काम संपलं आणि हळूहळू ते शाळेतूनही गेले. त्यांच्याबद्दल हळहळणारी माणसं मला भेटतात. त्यांचं खरं आहे, पण अर्धंच. ज्याच्या घरी पेढी किंवा कुलकर्ण्याचं दप्तर होतं, त्याच्या कानावर हा ठेका शाळेआधीच पडलेला असे. ज्याच्या घरी नव्हतं त्याच्या वाट्याला छडी आणि ‘ढ’ हा शिक्का. गणित अडलं की शब्द अडला, हे कोणी तपासत नसे. आजही भिली किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत येतं, तेव्हा त्याच्यापुढे आधी ही नावं उभी राहतात, बेरीज नंतर.

म्हणून मला ‘पन्नास नऊ’ हा भाषेवरचा घाला वाटत नाही. तो हातचा आहे. वजाबाकीत घेतो तसा, काम होईपर्यंत. बाजारात ‘त्र्याहत्तर’च ऐकू येणार, ते यायलाच हवं. पण दुकानदार ‘त्र्याहत्तर रुपये’ म्हणाल्यावर नोटा मोजताना पोरीनं मनात ‘सत्तर तीन’ म्हटलं, तर बिघडलं कुठे?