हाडवैद्याच्या मुलाची लोखंडी चौकट

मांडीचे हाड हे मानवी शरीरातील सर्वांत लांब आणि बळकट हाड होय. ते मोडले म्हणजे मांडीचे जोरकस स्नायू आखडतात, मोडलेली टोके एकमेकांवर चढतात आणि जखमीला हलवताना प्रत्येक हिसक्यासरशी मांसात रुततात. एकट्या मांडीत लिटरभराहून अधिक रक्त साचू शकते. बाहेर फारसे रक्त न दिसताही माणूस दगावतो तो यामुळेच.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा फ्रान्समधील ब्रिटिश जखमींची हीच गत झाली. मोडका पाय फळीला किंवा बंदुकीला बांधून त्यांना खंदकांतून, चिखलातून नेले जाई. शल्यविशारदापर्यंत पोचेतो पुष्कळांच्या अंगातील त्राण संपलेले असे.

यावरचा उपाय मात्र चाळीस वर्षांपूर्वीच निघाला होता. लिव्हरपूल बंदरात ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हे डॉक्टर गोदीकामगारांवर उपचार करीत. त्यांचे घराणे वेल्समधील हाडवैद्यांचे. वडिलांपाशी पदवी नव्हती, म्हणून डॉक्टर मंडळी त्यांना पाण्यात पाहत. मुलाने रीतसर पदवी घेतली. दुखावलेल्या हाडाला अखंड विश्रांती हवी, हा टॉमस यांचा आग्रह. रोगट गुडघ्यासाठी त्यांनी एक लोखंडी चौकट घडविली आणि १८७५ च्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. जांघेशी चामड्याने मढविलेले कडे, पायाच्या दोन्ही अंगांनी दोन सळ्या. पाऊल ओढून टोकाशी बांधले की पाय ताणलेला व स्थिर राहतो. त्यांच्या हयातीत या साधनाची मोठ्या शहरांतील विद्वानांनी फारशी दखल घेतली नाही.

टॉमस यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स त्यांच्याच हाताखाली तयार झाले. महायुद्धात त्यांनी ही चौकट आघाडीवर नेण्याचा आग्रह धरला. स्ट्रेचर वाहणाऱ्या शिपायांकडून डोळे बांधून सराव करून घेण्यात आला. अंधारातही, बूट आणि विजार न उतरवता, ते ती बसवू लागले. अशा जखमींपैकी १९१६ साली शेकडा ८० मरत, १९१८ साली शेकडा २०, असा हिशेब जोन्स यांनी पुढे दिला. पहिल्या आकड्याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांना शंका आहे. परंतु चौकटीने असंख्य प्राण वाचविले, याविषयी दुमत नाही.

साधन जुनेच होते. नवे होते ते एवढेच, की ते जखमी जिथे पडला तिथे, साध्या शिपायाच्या हाती पोचले. आधी स्थिर करावे, मग उचलावे, हा त्यातला धडा आजच्या रस्त्यावरील अपघातालाही लागू आहे. हातापायांना धरून जखमीला गाडीत कोंबणारे हात दयाळू असतात, पण घातकही ठरतात. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, मोडलेला अवयव आधार देऊन स्थिर ठेवावा. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल, तर आगीसारखे संकट नसताना त्याला जागचे हलवू नये, आणि मदत बोलवावी.