बंदूक, पण गोळी नसलेली

जेऊर स्टेशनवर उतरून केत्तूर, कुगावच्या बाजूला गेलं की समोर पसरलेलं उजनीचं पाणी दिसतं. हे पाणी फार जुनं नाही. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधी इथे नदीकाठची रानं होती, नांदती गावं होती. ती बुडाली, माणसं वर सरकली आणि नव्या काठाच्या उथळ गाळात हिवाळ्यात रोहित उतरू लागले. म्हणजे करमाळा तालुक्यातला रोहितांचा प्रत्येक फोटो हा विस्थापनानंतरचा फोटो आहे. कॅप्शनमध्ये हे सहसा कोणी लिहीत नाही.

उडत्या पक्ष्याचा फोटो मात्र या धरणाहून जवळपास शंभर वर्षांनी जुना. 1882 मध्ये एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता खांद्याला लावायचा, नळीतल्या भिंगातून नेम धरायचा. चाप ओढला की आतली तबकडी फिरायची आणि सेकंदाला 12 चित्रं उमटायची, प्रत्येक चित्र सेकंदाच्या 1/720 भागात. नेपल्सजवळ तो पक्ष्यांवर नेम धरत हिंडायचा आणि एकही पक्षी खाली पडायचा नाही. बघणाऱ्यांना तो वेडाच वाटला असणार! त्याला सुंदर फोटो नकोच होता. पंख खाली येताना नेमका कसा वळतो, एवढंच बघायचं होतं. आज तुम्ही मोबाईलवर बोट दाबून 'बर्स्ट' काढता, त्याचा हा खापरपणजोबा.

रोहिताच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. उभा रोहित लांबून पांढुरकाच दिसतो. पंख उघडले की आतला लालभडक रंग आणि काळी किनार दिसते. त्यामुळे उडतानाचाच फोटो सगळ्यांना हवा असतो. आणि रोहित जागेवरून टुणकन उडत नाही. वाऱ्याकडे तोंड करून आधी पाण्यावर धावतो, मग उचलला जातो. वारा तुमच्या पाठीकडून असेल तर थवा समोरूनच येतो. शटर 1/1600 च्या आसपास ठेवा, बाकी काही लागत नाही.

लागतो तो धीर. तो नसला की होडीवाल्याला सांगितलं जातं, 'अजून थोडं पुढं घ्या.' थवा उठतो, फोटो मिळतो. पण चोच उलटी करून गाळातलं बारीकसारीक गाळून खाणाऱ्या पक्ष्याचं खाणं तिथंच तुटतं, आणि पुढची होडी आली की पुन्हा तेच. होडीवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याचं हातावरचं पोट आहे आणि मागणी आपली.

खरं तर थवा आपणहून उठतोच. दलदली भोवत्या वरून एक घिरटी घालतो, किंवा ऊन कलतं आणि जागा बदलायची वेळ होते. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी मात्र पाणी खोल राहतं, गाळ उघडा पडत नाही आणि रोहित उशिरा येतात. त्या वर्षी कॅमेरा घेऊन डिसेंबरात येऊ नका, उन्हाळ्याच्या तोंडाशी या.