माहेरची जर्सी

आजच्या इतिहासाच्या गप्पांसाठी आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत, थेट ऑस्ट्रेलियात. खेळ आहे रग्बी लीग आणि खेळाडू आर्थर बीटसन. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांच्या या धसमुसळ्या खेळाचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण माणूस जन्मतो एका घरी आणि त्याची गणती होते दुसऱ्याच घरी, अशी ही गोष्ट आहे. ती आपल्याइतकी कुणाला कळणार?

आधी खेळ समजून घेऊ. एका बाजूला तेरा गडी असतात. लांबट चेंडू हातात धरून समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. पण हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, मागच्या गड्याकडेच द्यावा लागतो. म्हणजे पुढे सरकायचं तर कुणीतरी चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसलंच पाहिजे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला चौघं-पाचजण धरतात ना, तसं याला धरून आडवं करतात. उठायचं आणि पुन्हा घुसायचं. हे काम मुख्यतः पुढच्या फळीतल्या सहाजणांचं, म्हणजे फॉरवर्डचं. टाळ्या बहुधा मागून पळत येणाऱ्या चपळ गड्यांना मिळतात. वाट मोकळी कुणी केली, हे फलकावर येत नाही. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

हा खेळ जन्मला तोच मजुरीच्या वादातून. उत्तर इंग्लंडमध्ये खाणकामगार, गिरणीकामगार रग्बी खेळत. सामन्यासाठी कामावर खाडा झाला की पगार बुडायचा. तो भरून देण्याला रग्बीच्या मुख्य संघटनेचा विरोध होता. म्हणून 1895 साली तिथले क्लब वेगळे झाले. 1908 साली सिडनीतही या खेळाची स्पर्धा सुरू झाली.

आर्थर यांचा जन्म 1945 सालचा, क्वीन्सलंड राज्यातल्या रोमा या गावचा. वडील गोरे, आई आदिवासी. क्वीन्सलंडमध्ये 1897 सालापासून असा कायदा होता की, आदिवासींनी कुठे राहायचं, कुणाकडे काम करायचं, हे सरकारी अधिकारी ठरवत. लेकरं आईपासून तोडून सरकारी वसाहतींत आणि मिशनमध्ये ठेवली जात. मुलींना गोऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला पाठवत, आणि त्यांच्या पगारातला मोठा वाटा सरकारच स्वतःकडे ठेवी. त्या बुडालेल्या पगारांच्या खटल्यात क्वीन्सलंड सरकारने 19 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, तीही 2019 साली! आर्थर यांची आई अशाच तोडल्या गेलेल्या लेकरांपैकी एक. आपल्या माणसांतून उचललं जाणं म्हणजे काय, हे त्या घराला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आर्थर आधी क्वीन्सलंडमधल्या रेडक्लिफ क्लबकडून खेळले आणि 1966 साली सिडनीच्या बालमेन क्लबात गेले. त्याच वर्षी ते ऑस्ट्रेलियाच्या संघात आले. लोकसंख्येच्या हिशेबात आदिवासींना धरू नये, हे कलम तेव्हा देशाच्या संविधानात होतंच. 1967 च्या जनमतात 90 टक्क्यांहून जास्त मतदारांनी ते काढून टाकायला कौल दिला. त्या मोहिमेत फेथ बँडलर यांच्यासारख्या बायका पुढे होत्या.

आर्थर यांची सुरुवातीची वर्षं काही सोपी नव्हती. अंग भारी, दम कमी, म्हणून लोक त्यांना ‘अर्ध्या सामन्याचा आर्टी’ म्हणून हिणवत. 1969 साली बालमेनने अंतिम सामना जिंकला, पण त्याआधीच्या सामन्यात मैदानाबाहेर काढले गेल्यामुळे आर्थर त्यात नव्हते. 1971 साली ते ईस्टर्न सबर्ब्समध्ये गेले. पुढे प्रशिक्षक जॅक गिब्सन आले आणि आर्थर कर्णधार झाले. 1945 नंतर, म्हणजे आर्थर जन्मले त्या वर्षानंतर, या क्लबने विजेतेपद पाहिलं नव्हतं. 1974 साली ते मिळालं. 1975 साली अंतिम सामना 38-0 असा जिंकला. तो विक्रम 33 वर्षं टिकला. आर्थर यांची खुबी अशी की तिघंचौघं अंगावर लोंबकळत असताना हात मोकळा करून ते चेंडू नेमका सोबत्याच्या हातात देत. दरम्यान 1973 साली ते ऑस्ट्रेलियाचे कर्णधार झाले. मोठ्या खेळात देशाचं नेतृत्व करणारे ते पहिले आदिवासी.

आता येते जर्सीची गोष्ट. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांचे सामने दरवर्षी होत. नियम असा, की खेळाडू ज्या राज्यातल्या क्लबकडून खेळतो, तेच त्याचं राज्य. सिडनीच्या क्लबांकडे जुगाराच्या यंत्रांचा पैसा होता, त्यामुळे क्वीन्सलंडचे चांगले खेळाडू तिकडे जात आणि मग आपल्याच राज्याविरुद्ध खेळत. आर्थरही न्यू साउथ वेल्सकडून अनेकदा खेळले, माहेरकडून एकदाही नाही. क्वीन्सलंडने वीस वर्षं मालिका जिंकली नव्हती.

अखेर 1980 सालच्या मालिकेतला तिसरा सामना नव्या पद्धतीने खेळवायचं ठरलं. प्रत्येकाने आपल्या मूळ राज्याकडून खेळायचं. आर्थर तेव्हा 35 वर्षांचे होते आणि पॅरामाटा क्लबच्या दुय्यम संघात खेळत होते. म्हातारा झाला, आता याला कशाला, असं म्हणणारे होतेच. पण 8 जुलैला ब्रिस्बेनच्या लँग पार्क मैदानावर ते क्वीन्सलंडची गडद लाल जर्सी घालून कर्णधार म्हणून सगळ्यांत पुढे आले, तेव्हा 33 हजारांवर लोक गर्जत होते. आपल्याच क्लबचा सोबती मिक क्रोनिन समोरच्या संघात होता, त्यालाही त्यांनी धडक द्यायला कमी केलं नाही. विसाव्या वाढदिवशी खेळणाऱ्या मॅल मेनिंगाने लाथेने सात गोल केले आणि क्वीन्सलंडने 20-10 असा सामना जिंकला.

मूळ राज्याच्या त्या पद्धतीत खेळाडू म्हणून आर्थर यांचा तो एकच सामना. त्यानंतर त्यांनी क्वीन्सलंडला प्रशिक्षण दिलं. ती पद्धत मात्र रुजली. 1982 पासून दरवर्षी तीन सामने तसेच होतात आणि अख्खं ऑस्ट्रेलिया ते पाहतं.

2008 साली देशाच्या संसदेत पंतप्रधानांनी तोडल्या गेलेल्या लेकरांची माफी मागितली. 2011 साली, वयाच्या 66 व्या वर्षी, सायकल चालवताना हृदयविकाराच्या झटक्याने आर्थर गेले. लँग पार्कबाहेर आज त्यांचा पुतळा उभा आहे.

मैत्रिणींनो, आर्थर यांना कारकिर्दीत पदकं, मान, विजेतेपदं सगळं मिळालं. तरी क्वीन्सलंडचे लोक आठवण काढतात ती त्या एका रात्रीची. जन्मलो तिथला म्हणून मोजलं जावं, एवढीच तर गोष्ट होती. आईला ती मिळाली नाही. लेकाला मिळायला 35 वर्षं लागली.